सकाळच्या रागसंगीताचा रेडिओ-तास कसा बांधायचा

सकाळी साडेसहा ते साडेसात. त्यात रागसंगीत, गावातल्या कलाकाराचं गाणं-वाजवणं आणि सोलापुरातल्या कलाघडामोडी. हा तास आदल्या दिवशी ध्वनिमुद्रित करून केंद्राच्या हवाली करायचा. काम एवढंच, पण नव्या हौशी मंडळींनी बांधलेले बहुतेक भाग मला परत पाठवावे लागतात आणि कारणं दरवेळी तीच असतात. मुख्य गाणं तानेच्या मध्यात तुटलेलं, तोडीनंतर पुन्हा तोडी, निवेदनाखाली भलत्याच पट्टीचा तंबोरा आणि ‘उद्या’ होणारा कार्यक्रम, जो प्रत्यक्षात काल होऊन गेला.

मुळातली चूक क्रमाची आहे. आधी आवडीची ध्वनिमुद्रणं जमवतात, मग ती कापूनकोंबून तासात बसवतात आणि उरलेल्या फटीत बोलणं भरतात. आधी सकाळ बघा, मग मिनिटांचा हिशेब करा, मग संगीत निवडा. शब्द सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत, मधला टप्पा गाळून पुढे जाऊ नका.

हाताशी असू द्या: एक वही, सेकंद दाखवणारं घड्याळ, बंद कानांचा हेडफोन, एक साधा मायक्रोफोन आणि रेकॉर्डर (दोन असतील तर उत्तम), ध्वनिसंपादनाचं कुठलंही सॉफ्टवेअर, आणि ओळखीचा एक असा माणूस ज्याला राग कानाने कळतो. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

टप्पा १: आधी सूर्य, मग राग

घड्याळात साडेसहा वाजले म्हणजे रोज सारखीच सकाळ असते असं नाही. सोलापुरात जूनमध्ये सहाच्या आतच सूर्य वर आलेला असतो. जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरलेली असते तेव्हा, सूर्योदयाला सात वाजतात. त्यामुळे जानेवारीतल्या साडेसहाला ललत शोभतो, कारण बाहेर अजून अंधूक आहे. जूनमध्ये त्याच वेळी उन्हं पत्र्यांवर आलेली असतात. तिथे ललत लावला तर कानाला तो रात्रीच्या शिळ्या भातासारखा लागतो.

ढोबळ विभागणी अशी ठेवा:

- उजाडायच्या आधी आणि उजाडताना: ललत, जोगिया, भटियार.
- सूर्योदयाच्या आसपास: भैरव, अहिर भैरव, रामकली, गुणकली, बिभास.
- ऊन चढू लागल्यावर: देशकार, अल्हैया बिलावल, तोडीचे प्रकार, आसावरी, जौनपुरी.

सारंगाचे प्रकार दुपारचे, ते या तासात आणू नका. घराण्याघराण्यांत वेळेबद्दल थोडा फरक असतो, त्यावर वाद घालत बसू नका. तासाच्या सुरुवातीकडून शेवटाकडे जाताना अंधारातून उजेडाकडे गेल्यासारखं वाटलं म्हणजे झालं.

दुसरा मुद्दा शेजाराचा. भैरव, मग रामकली, मग जोगिया असं लावलं की तिन्हींत कोमल रिषभ-धैवताचाच रंग येतो आणि सामान्य श्रोत्याला वाटतं एकच गाणं चाललंय. अहिर भैरवानंतर देशकार ठेवा, खिडकी उघडल्यासारखं वाटतं.

सावध: भैरवी गायली की मैफल संपते, हा संकेत श्रोत्यांच्या अंगात मुरलेला आहे. भैरवीतला अभंग लावून मागे बिलावलची धून चिकटवणारे भाग मी ऐकले आहेत. भैरवी घ्यायची तर ती शेवटी, आणि तिच्यानंतर तासाच्या शेवटी लावायची भरावाची धूनही भैरवीतलीच.

टप्पा २: तासाचा हिशेब कागदावर

एकही ध्वनिमुद्रण उघडण्यापूर्वी हा हिशेब लिहून काढा. मी वापरतो तो असा:

- संकेतधून: ४० सेकंद
- सुरुवातीचं निवेदन: १ मिनिट २० सेकंद
- मुख्य राग: २७ मिनिटं
- दुवा (दोन भाग जोडणारं बोलणं): १ मिनिट
- स्थानिक कलाकार: ११ मिनिटं
- कलाविषयक भाग: ७ मिनिटं
- दुवा: ३० सेकंद
- भक्तिरचना: ६ मिनिटं
- समारोपाचं निवेदन: १ मिनिट
- भरावाची धून: ४ मिनिटं

बेरीज ५९ मिनिटं ३० सेकंद. उरलेली ३० सेकंदं केंद्राच्या उद्घोषणेची, त्यांना हात लावायचा नाही.

भरावाची धून म्हणजे उरलेली जागा भरायला लावलेलं काहीतरी, असा गैरसमज आहे. तासाचं कुलूप ती असते. तिचा शेवट बरोबर ५९:३० वर यायला हवा, म्हणून मोजणी उलटी करायची. चार मिनिटांची धून ५५:३० ला सुरू होते, मग समारोपाचं निवेदन संपलेलं असो वा नसो. निवेदन लांबलं तर धून आवाज पूर्ण बंद ठेवून आतल्या आत चालू राहते आणि बोलणं संपताच हळूच वर येते. शेवट मात्र ठरल्या सेकंदालाच. धून मध्येच तुटण्याचं निम्मं दुखणं याने जातं. धून कुठलीही चालेल, पण तिला स्पष्ट शेवट हवा. नुसती विरत जाणारी नको.

तपासणी: सगळ्या आकड्यांची बेरीज दुसऱ्या माणसाकडून करून घ्या. साठ सेकंदांचं मिनिट असतं हे कागदावर फार लवकर विसरलं जातं. १ मिनिट ४० आणि ५० सेकंद मिळून २ मिनिटं ३० होतात, १.९० होत नाहीत.

टप्पा ३: मुख्य गाणं निवडणं

आता संगीत. २७ मिनिटं आहेत म्हणून ४५ मिनिटांचा ख्याल कापून २७ चा करणं हा सर्रास होणारा गुन्हा आहे. माझं मत स्पष्ट आहे: १८ मिनिटांचं अख्खं गाणं ४५ मधून कापलेल्या २७ पेक्षा चांगलं. जागा उरली तर त्याच गायकाची ७-८ मिनिटांची दुसरी चीज जोडा, किंवा स्थानिक कलाकाराला जास्त वेळ द्या. जुन्या लाँगप्ले तबकडीची एक बाजू साधारण वीस मिनिटांची असते. ती वीस मिनिटं गायकाने स्वतः मोजूनमापून बांधलेली असतात, त्यामुळे असा ऐवज या तासाला फार सोयीचा.

कापणं टळतच नसेल तर तीन नियम:

१. विलंबित (संथ लय) संपून द्रुत (जलद लय) सुरू होतो तो सांधा शोधा. बाहेर पडायला तीच नैसर्गिक जागा.

२. असा सांधा मिळत नसेल तर मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतात तिथे थांबा. आवाज कमी करायला सम पडल्यानंतर सुरुवात करा, आधी नाही. सहा ते आठ सेकंदांत तो विरू द्या.

३. तानेत, तिहाईत किंवा बोल-आलापाच्या ओळीत कधीही कापू नका. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन मिनिटभराचं असू शकतं, तेव्हा ‘इथे कापतो’ म्हणून बोट ठेवलंत की पुढची सम येईपर्यंत थांबायची तयारी ठेवा.

सुरुवातीची तंबोऱ्याची पाच-सात सेकंदं छाटू नका. गायकाचा खाकरा, तबल्यावरची एखादी थाप यांनाही राहू द्या. त्यातूनच कान बसकण मारतो.

आता पडताळणी, आणि इथे जरा रेंगाळतो. इंटरनेटवर किंवा पेनड्राइव्हवर मिळालेल्या फाइलीवर लिहिलेल्या रागाच्या नावावर विश्वास ठेवू नका. मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. फाइलीवर ‘देशकार’ लिहिलं होतं, मी पहिली दोन मिनिटं ऐकली, सा रे ग प ध ऐकू आले, निवेदनात देशकार म्हणून मोकळा झालो. प्रक्षेपण चालू असतानाच साखर पेठेतून एका आजोबांचा फोन आला: “अहो, सकाळी सकाळी भूप कसला लावलाय?” त्यांचं बरोबर होतं. दोन्ही रागांचे स्वर तेच, पण भूप गंधारावर आणि खालच्या अंगात रमतो, देशकार धैवतावर आणि वरच्या अंगात. भूप संध्याकाळचा, देशकार सकाळचा. दोन मिनिटांत हे कळत नाही, सबंध ऐकावं लागतं आणि त्यातल्या जाणत्या माणसाला ऐकवावं लागतं.

कर्नाटक संगीताच्या नावांत तर पावलोपावली खड्डे आहेत. कर्नाटक तोडी ही आपली तोडी नाही, ती आपल्या भैरवी थाटाजवळची. कर्नाटकातला हिंदोळम् म्हणजे आपला मालकंस, आणि आपला हिंदोल वेगळाच. उलट मायामाळवगौळ आपल्या भैरव थाटाशी जुळतो. नाव वाचून सकाळ-संध्याकाळ ठरवलीत तर फसाल.

टप्पा ४: भक्तिरचना, आणि ती कोणत्या भाषेत

इथे थोडक्यात, पण महत्त्वाचं. या गावात मराठीसोबत कन्नड, तेलुगू आणि उर्दू घराघरांत आहे. रोज मराठी अभंगच लावला तर निम्मं गाव परकं राहतं. ग्रामदैवत सिद्धेश्वर म्हणजे सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये आहेत. मल्लिकार्जुन मन्सूर वचनं गात. भीमसेन जोशींनी मराठी अभंग गायले तशी कन्नड दासवाणीही गायली. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू श्रोत्यासाठी त्यागराजांच्या कृती आहेत, त्या बहुतेक मुळात तेलुगूतच आहेत. आठवड्याचं वेळापत्रक करून भाषा फिरत्या ठेवा.

तपासणी: कन्नड किंवा तेलुगू रचनेची पहिली ओळ ती भाषा घरात बोलणाऱ्या माणसाकडून म्हणवून घ्या आणि तो उच्चार फोनवर टिपून ठेवा. देवनागरीत लिहून घेतलेलं पुरत नाही.

टप्पा ५: परवानग्या

हा टप्पा लोक शेवटी ठेवतात आणि मग तयार भाग पडून राहतो. प्रकाशित ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाचं वर्ष संपल्यापासून ६० वर्षं टिकतो. १९६४ साली प्रकाशित झालेली तबकडी १ जानेवारी २०२५ पासून त्या हक्कातून मोकळी झाली. मात्र हे झालं ध्वनिमुद्रणाचं. नाट्यगीत किंवा भावगीत असेल तर शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, आणि तो कवी-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. पारंपरिक बंदिशीला ही अडचण नाही. ६० वर्षांच्या आतलं काहीही वाजवायचं असेल तर केंद्राकडे त्याचा परवाना आहे का हे लेखी विचारा. ‘सगळे वाजवतात’ हा परवाना नव्हे.

स्थानिक कलाकाराची संमती कागदावर घ्या. गायकाबरोबर तबलजी आणि पेटीवाल्याचीही सही हवी, सादरीकरणात त्यांचाही हक्क असतो. विद्यार्थी अठराच्या आतला असेल तर पालकांची. कागदावर पुनःप्रक्षेपण आणि इंटरनेटवर ठेवणं या दोन्ही गोष्टींचा स्पष्ट उल्लेख असू द्या.

टप्पा ६: स्थानिक कलाकाराचं ध्वनिमुद्रण

सगळ्यात जास्त भाग इथे बिघडतात, म्हणून हा टप्पा लांबला आहे.

*खोली.* स्टुडिओ मिळाला तर प्रश्नच नाही. बहुधा मिळत नाही आणि कलाकाराच्या घरी जावं लागतं. आदल्या दिवशी त्याच वेळी त्या खोलीत जाऊन पाच मिनिटं गप्प बसा. शेजारी यंत्रमाग आहेत का? त्यांचा खटखटाट भिंतीतून आणि जमिनीतूनही येतो. मायक्रोफोन टेबलावर ठेवलात तर कानाला न जाणवलेली धडधड ध्वनिमुद्रणात उतरते. माग कधी बंद असतात हे मालकाला आधीच विचारा, लोक सांगतात, अडवत नाहीत.

खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक कडक टाळी वाजवा. मागून ‘टण्ण’ असा धातूसारखा आवाज फिरला तर खोली रिकामी आहे. औषध गावातच तयार होतं: जाड सोलापुरी चादरी. दोन चादरी कलाकाराच्या पाठीमागे दोरीवर टांगा, एक समोरच्या भिंतीवर, एक फरशीवर. परत टाळी. ‘टण्ण’ गेला असेल. चादर भिंतीला चिकटवण्यापेक्षा वीतभर पुढे टांगली तर जास्त काम करते.

*उन्हाळा.* मे महिन्यात पंखा बंद करायला कलाकार कुरकुरणार, आणि ते बरोबरच आहे. दहा-दहा मिनिटांचे तुकडे ठरवा, तुकडा संपला की पंखा लावा. फ्रिज बंद करा, आणि परत सुरू करायची आठवण राहावी म्हणून मोटारसायकलची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. ही युक्ती मी दुधाच्या तीन पिशव्या नासवल्यानंतर शिकलो.

कोरड्या उन्हात तबल्याची पुडी ताणली जाऊन स्वर चढतो. पावसाळी दमट हवेत तो उतरतो. पंखा लावल्या-बंद केल्यानंतर तबला आणि तंबोरा दोन्ही परत लावल्याशिवाय पुढचा तुकडा घेऊ नका.

*मायक्रोफोन.* गायकाच्या तोंडापासून एक वीत, नाकासमोर नको, जरा बाजूला. म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ चे फुंकर बसत नाहीत. दुसरा मायक्रोफोन असेल तर तो तबल्याच्या वर हातभर उंचीवर, डग्गा आणि दायां यांच्या मधोमध. एकच असेल तर माणसं हलवा: पेटी सगळ्यात लांब, तिचा आवाज सगळ्यात पुढे येतो. तंबोऱ्याचं ॲप मोबाइलवर लावत असाल तर तो मोबाइल मायक्रोफोनच्या टेबलावर ठेवू नका आणि विमान मोडवर टाका. ऐन आलापात मामाचा फोन येतो.

*लो कट बंद.* मायक्रोफोनवर किंवा रेकॉर्डरवर खालचे स्वर गाळणारं बटण असतं. भाषणासाठी ते ठीक, गाण्यासाठी नको. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण ७० हर्ट्झला बोलते. ८० वर चाळणी लावलीत की खर्ज गेला, आणि डग्ग्याची घुमार अर्धी.

*पातळी.* कलाकाराला सगळ्यात वरच्या स्वरातली तान घ्यायला सांगा, आलाप नको. ती तान उणे ६ डेसिबलच्या खाली राहील अशी पातळी ठेवा आणि मग हात काढून घ्या. आलाप हळू वाटतोय म्हणून मध्येच वाढवलीत तर द्रुतात आवाज फाटणारच, आणि फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. फाइल डब्ल्यूएव्ही, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एमपी३ मध्ये मूळ ध्वनिमुद्रण कधीही करू नका.

*वेळ.* कलाकाराला ‘अकरा मिनिटं’ असं सांगू नका. तो घड्याळाकडे बघत गातो आणि गाणं आखडतं. थोडा आलाप, मध्यलय बंदिश आणि द्रुतात एक छोटी चीज असा आराखडा आधी बोलून घ्या. आठ मिनिटं झाल्यावर गायकाकडे न बघता तबलजीला हाताने खूण करा, तो लय अशी सांभाळतो की शेवट आपोआप जवळ येतो.

*शेवटचं.* गाणं संपल्यावर कोणी ‘वा!’ म्हणायच्या आत सगळ्यांना गप्प बसवा आणि खोलीची नुसती शांतता ३० सेकंदं टिपा. जोडणीच्या वेळी ही शांतता तुमचा जीव वाचवते.

सावध: जागेवरच हेडफोन लावून पहिलं मिनिट, मधलं मिनिट आणि शेवटचं मिनिट ऐका. घरी जाऊन ऐकलेली चूक दुरुस्त करायला कलाकार दुसऱ्यांदा तेवढ्याच उत्साहाने गात नाही.

टप्पा ७: कलाविषयक सात मिनिटं

यात दोन गोष्टी असतात: सूचना आणि एक भेट.

सूचनांत ‘आज’, ‘उद्या’, ‘येत्या रविवारी’ हे शब्द बंद. भाग पुढे ढकलला जातो, पुन्हा लावला जातो. ‘शनिवार, १७ जानेवारी, संध्याकाळी सहा वाजता, हुतात्मा स्मृती मंदिर’ असं वार, तारीख, वेळ, ठिकाण या क्रमाने सांगा. प्रवेश खुला की तिकीट, हेही. हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या आवारातला कार्यक्रम असेल तर कुठलं सभागृह ते सांगा, नुसतं ‘वाचनालयात’ म्हटलं की माणसं पुस्तकांच्या खोलीत जाऊन बसतात. एका भागात तीनच सूचना घ्या. चौथी ऐकेपर्यंत पहिली विसरलेली असते. संयोजकाला ध्वनिमुद्रणाच्या दिवशी सकाळी पुन्हा फोन करा, व्हॉट्सॲपवर आलेल्या पत्रिकेवर तारीख आणि वार न जुळण्याचे प्रकार नेहमीचे आहेत.

भेटीसाठी चित्रकार, विणकर, नाटकवाला कोणीही चालेल. अडचण ही की रेडिओवर चित्र दिसत नाही, आणि मंडळी ‘आपल्या कलेविषयी सांगा’ असं विचारून मोकळी होतात. उत्तर येतं: मला लहानपणापासून आवड होती. त्यापेक्षा माणसाला त्याच्या कामासमोर उभं करा आणि हातातलं काम विचारा. वॉल हँगिंग विणणाऱ्या कारागिराला विचारा, “या चेहऱ्याच्या डोळ्यातला हा पांढरा ठिपका, तो विणायला काय करावं लागतं?” मग तो बाणा (आडवा धागा) कुठे बदलतो, किती तारा मोजतो, चुकलं तर किती उसवावं लागतं हे आपोआप सांगू लागतो. आधी हातमागाचा आवाज आठ सेकंद एकटाच ऐकवा, मग तो खाली घेऊन माणसाचा आवाज आणा. यंत्रमाग आणि हातमाग यांच्या आवाजातला फरक या गावाला न सांगता कळतो, चुकीचा लावलात तर फोन येईल.

टप्पा ८: निवेदन लिहिणं

आता कुठे लेखणी उचला. निवेदन ऐकणाऱ्याच्या तव्यावर भाकरी आहे, हे डोळ्यांसमोर ठेवा. भाकरी उलटेपर्यंत जेवढं सांगता येईल तेवढंच.

परत येणारं निवेदन असं असतं: “रसिकहो, या प्रसन्न, मंगलमय प्रभाती स्वर्गीय सुरांची अवीट गोडी चाखूया.” यात राग नाही, गायक नाही, काहीच नाही.

चालणारं निवेदन असं: “राग अहिर भैरव. याचा खालचा अर्धा भाग भैरवाचा आणि वरचा काफीचा, तेव्हा वर जाताना रंग कसा बदलतो ते ऐका. आधी विलंबित एकताल, मग द्रुत तीनताल.” यापुढे गायक आणि साथीदारांची नावं. गाणं संपल्यावर राग आणि गायक परत एकदा, कारण अर्धे लोक मध्येच येतात.

ऐकायला एकच खूण द्या, दोन नकोत. पंडित, उस्ताद, विदुषी हे एकदाच, प्रत्येक उल्लेखाला नको. साथीदारांना ‘आणि साथीला इतर’ म्हणून गुंडाळू नका.

निवेदनाखाली तंबोरा लावायची हौस आवरा. पुढचं गाणं काळी चारमध्ये आणि तुमचा तंबोरा पांढरी पाचमध्ये असेल तर अर्ध्या स्वराचा धक्का बसतो आणि पहिला षड्ज बेसूर वाटतो, दोष मात्र गायकाला लागतो. दोन गाण्यांच्या पट्ट्या अशा खेटून असतील तर मधे निदान वीस सेकंदं कोरडं बोलणं ठेवा. कान धुऊन निघतो.

टप्पा ९: जोडणी

सगळे तुकडे एका रेषेवर मांडा आणि पातळी कानाने व मोजपट्टीने दोन्हीने जुळवा. नुसतं सर्वोच्च शिखर सारखं करून चालत नाही. तबल्याच्या एका थापेचं शिखर उंच असतं, त्यामुळे सगळं गाणं खाली दबतं आणि निवेदन अंगावर येतं. सरासरी गाजावा मोजणारं एलयूएफएस हे माप वापरा आणि केंद्राला कुठला आकडा हवा ते विचारून घ्या. माझा अनुभव असा की सकाळी निवेदन गाण्यापेक्षा किंचित हळूच बरं.

- आवाज दाबून सपाट करणारा कॉम्प्रेसर गाण्यावर लावू नका. आलापाच्या श्वासांमध्ये तंबोरा उसळून वर येतो.
- जुन्या तबकडीची खरखर काढायला आपोआप चालणारं साधन लावलंत तर ते तंबोऱ्यालाच खरखर समजून पुसतं. खरखर राहू द्या.
- सगळा भाग एकदा मोनोत ऐका. स्वयंपाकघरातल्या रेडिओला एकच स्पीकर असतो. ॲपच्या स्टिरिओ तंबोऱ्याचे डावे-उजवे आवाज एकमेकांना खाऊन टाकतात आणि तंबोरा गायबच होतो.

सावध: बऱ्याच केंद्रांच्या संगणकाला शांतता ओळखायची सवय असते. काही सेकंद आवाज फार खाली गेला की यंत्र बिघडलं असं समजून तो दुसरं काहीतरी लावतो. एकदा अतिमंद्र आलापात असं होऊन मध्येच जाहिरात वाजली होती. मर्यादा किती सेकंदांची आहे ते विचारा आणि आलाप तेवढ्या वेळ तळाला राहणार असेल तर केंद्राला आधी कळवा.

टप्पा १०: शेवटची ऐकणी आणि हवाली करणं

अख्खा तास न थांबता, न पळवता ऐका. हेडफोनवर नव्हे, मोबाइलच्या साध्या स्पीकरवर, शेजारी कुकरची शिट्टी होत असताना. निवेदनातला एकही शब्द हरवला तर तो परत बोला. ऐकताना हातात टप्पा २ चा कागद हवा, प्रत्येक तुकडा कुठल्या सेकंदाला सुरू झाला ते त्यावर लिहा. हाच कागद फाइलीबरोबर केंद्राला जातो.

फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘खरंच अंतिम’ अशी नावं दिलेल्या तीन फाइली एकदा मीच पाठवल्या आणि हवेत पहिली गेली. एकच फाइल पाठवा. मूळ तुकडे वेगळ्या डिस्कवर ठेवा. सामुदायिक केंद्रांना प्रक्षेपित भाग तीन महिने जपून ठेवावा लागतो, तेव्हा तेवढे दिवस तुमची प्रतही पुसू नका.

मग वहीत नोंद: तारीख, राग, कलाकार, साथीदार, ताल, कालावधी, ध्वनिमुद्रण कुठून मिळालं, भक्तिरचनेची भाषा. तीन आठवड्यांच्या आत तोच राग परत आला असेल तर वही लगेच सांगते. उजवीकडे एक रिकामा रकाना सोडा, श्रोत्यांच्या फोनसाठी. माझ्या वहीत त्या देशकाराच्या पानावर आजोबांचं वाक्य अजून तसंच आहे. पुढच्या आठवड्यात खरा देशकार लावला तेव्हा सात वाजून बावीस मिनिटांनी त्यांचा पुन्हा फोन आला होता. “हां, आता ऊन पडलं,” एवढंच म्हणाले आणि ठेवला.